पोटगी ठरली तो दिवस

लग्न मोडायचं, यावर आमचं एकमत झालं होतं. भांडण उरलं होतं ते पोटगीचं.

माझे मिस्टर गोरेगावच्या एका स्टुडिओत सिनेमाचे सेट उभारायचे. सुतार माणूस. मजुरी रोख मिळायची, पगाराचा कागद कुठेच नाही. त्यांनी कोर्टात सांगितलं, काम जवळजवळ बंद आहे, मी नुसता हेल्पर आहे, आणि बायको शिवण करून स्वतःचं भागवू शकते.

मी मुलीला घेऊन दहिसरला भावाकडे राहत होते. भाऊ गिरणीत, आणि गिरण्यांचा संप चालू. त्याच्या चुलीवर आमची दोन तोंडं वाढलेली. सुनावणीला निघताना तो म्हणाला, "मशीनचं नाव काढू नकोस गं."

कोर्टाच्या जिन्यात मी वकीलबाईंना हळूच विचारलं, "शिवणाचं विचारलं तर?"

"खरं सांगायचं. त्यांची कमाई किती, तुमची किती, त्यांच्या घरात तुम्ही कशा राहत होतात, हे सगळं जज बघतात. एक खोटं पकडलं गेलं, की तुमच्या खऱ्यावरही विश्वास बसणार नाही."

मी पिंजऱ्यात उभी राहिले. मिस्टरांच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न टाकला, "शिवणाचं मशीन आहे ना तुमच्याकडे?"

समोर बाकावर भाऊ. त्यानं मान किंचित हलवली. नाही म्हण.

"आहे," मी म्हणाले.

"मग कमावता की!"

"गणपती-दिवाळीला कमावते. एरवी फॉल-पिको. त्यात मुलीचं दूधसुद्धा धड भागत नाही."

जज लिहीत राहिले. भावानं तोंड फिरवलं. वाट लागली, असं वाटलं.

मग मिस्टर पिंजऱ्यात आले. आमच्या वकीलबाई अगदी मऊ आवाजात विचारू लागल्या. "म्हणजे तुम्ही फळ्या उचलून देता?"

"हो."

"रंधा दुसरं कुणी मारतं?"

त्यांच्या जबड्याची शीर ताणली गेली. ती शीर मला ठाऊक होती.

"नकाशा बघून सेट उभा करणं तुम्हाला जमत नाही. हमालीच म्हणायची."

"हमाली?" त्यांनी कठडा धरला. रागावले की त्यांच्या तोंडी मालवणी यायची. "सहा सुतार असत माझ्या हाताखाली! माझ्याशिवाय थंयसर एक कमान उभी रवणा नाय!"

त्यांच्या वकिलांनी डोळे मिटले. जजनी पेन खाली ठेवलं. "त्या सहा जणांना मजुरी कोण देतं?"

"मीच..." म्हणाले, आणि मग त्यांना कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण लग्नानंतर त्यांनी एकदा मला सेटवर नेलं होतं, प्लायवुडच्या महालाच्या खांबावर माझा हात ठेवून "हे मी केलंय" म्हणाले होते. तोच आवाज होता हा. माझ्यानं वर बघवेना.

पोटगी मागितली त्याहून कमी ठरली, पण भाड्याची एक खोली आणि मुलीची शाळा निभेल इतकी. दहिसरलाच नदीजवळच्या एका चाळीत आम्ही दोघी राहायला गेलो. पैसे कधी वेळेवर यायचे, कधी रखडायचे. दोनदा पुन्हा कोर्टात जावं लागलं. द्यायला मात्र ते स्वतः यायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. मुलगी "आत या ना" म्हणायची. मी तिला अडवलं नाही. पण मी स्वतः कधी "या" म्हणाले नाही.