खोडलेली सही

"बाळ, फूटपट्टी आहे का? रेघ वेडीवाकडी नको दिसायला."

काका आमच्या लंडनमधल्या हाउन्सलोच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात आईचा कौन्सिलच्या निवडणुकीचा फॉर्म. त्यावर तेव्हा वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागत. पहिल्या दोन काकांच्या आणि काकूंच्या होत्या, चार दिवसांपूर्वी हौसेने केलेल्या. काका नात्यातले नव्हेत, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आता ते त्या सह्या खोडायला आले होते.

"वहिनी, गैरसमज नको. तुम्ही मूळच्या कोण, ते काल आमच्या सूनबाईंकडून कळलं. मी स्वतः काही मानत नाही. पण मंडळात लोक विचारतात."

आम्ही महार. आजोबांच्या वेळी बौद्ध झालो. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नसे.

आईने चहा पुढे केला.

"नको, ॲसिडिटी होते."

मी तेव्हा ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला होते. दप्तरातून फूटपट्टी काढली आणि दिली. कुणी जबरदस्ती केली नाही. मोठ्या माणसाने मागितलं, मी दिलं. दोन सह्यांवर दोन रेघा. सरळ आल्या.

"थँक यू, बाळ."

ते गेल्यावर आईने चहा सिंकमध्ये ओतला. म्हणाली, "खाडाखोड चालायची नाही. नवा फॉर्म आणते."

आई विमानतळावर जेवणाचे ट्रे भरायची. कोपऱ्यावरची लायब्ररी बंद होऊ नये म्हणून ती अपक्ष उभी राहत होती. दोन दिवसांत तिने दहा सह्या नव्याने मिळवल्या. शिफ्टमधल्या बायका, एक शीख बसड्रायव्हर. शेजारची आयरिश म्हातारी सही करताना म्हणाली, "निवडून आलीस तर आधी माझ्या कचऱ्याच्या बिन्सचं बघ."

आई हरली. चौथी आली. मतमोजणीच्या हॉलमध्ये काका एका पक्षाचा बिल्ला लावून फिरत होते. "छान प्रयत्न केलात हं, वहिनी." आई हसली. तशी ती घरी कधी हसत नसे.

लायब्ररी बंद झाली.

गेल्या हिवाळ्यात आईही गेली. तेव्हापासून वाचत बसले की स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा भास होतो. कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागतं. मी उठते, दप्तर शोधू लागते. मी चोवीस वर्षांची आहे. ते दप्तर कधीच टाकून दिलं.

आई गेल्यावर महिन्याभराने काकांचा फोन आला.

"मंडळाची स्मरणिका काढतोय. आपली मराठी बाई इथे कौन्सिलला उभी राहिली, केवढी अभिमानाची गोष्ट. तू छान लिहितेस. मंडळाने तिला उभं केलं, असं एक वाक्य टाक. आणि फोटो दे."

फोटो समोरच होता. मी तो उचललासुद्धा. मग फूटपट्टी देणारा माझाच हात मला दिसला. फोटो खाली ठेवला.

"तुमची सही तुम्ही खोडली होतीत, काका."



"जुनं उकरून काय मिळणार, बाळ?"

"मला बाळ म्हणू नका. फोटो मिळणार नाही."

आईबद्दल जे लिहायचं ते मी लिहीन. तिची जात लिहीन. ती हरली, हेही लिहीन. त्या हरण्यात मंडळाला वाटा मिळणार नाही. मंडळाने तिला उभं केलं, हे वाक्य मी जिवंत असेपर्यंत कुठेही छापू देणार नाही.