उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

गाडी घेतली ती एकाच कामासाठी. दर रविवारी बायकोला मुलुंडहून बोरिवलीला, तिच्या आईकडे नेता यावं म्हणून. सासूबाई एकट्या राहायच्या, गुडघे धरलेले, जिना उतरवत नव्हता. ऑफिसातल्या एकाने त्याची जुनी छोटी गाडी माझ्या गळ्यात घातली. "अ‍ॅव्हरेज झकास आहे," म्हणाला. माझा चेहराच असा आहे की लोकांना मला असलं काही सांगावंसं वाटतं.

पेट्रोलचा काटा पहिल्यापासून मेलेला. त्यामुळे रविवारी निघताना टाकी काठोकाठ भरायची, आणि पुढच्या रविवारी तिच्यात किती मावतंय ते बघायचं, हीच आमची मोजणी. आणि दर रविवारी तिच्यात इतकं मावायचं की मी बोरिवलीला जाऊन आलो की सुरतेला, हे मलाच कळेना.

शेवटी मी बायकोला म्हणालो, "अगं, दर रविवारी नाही परवडायचं. महिन्यातून एकदा जाऊ."

"पेट्रोल जास्त होतंय की माझी आई जास्त होतेय?"

"आईचा काय संबंध?"

"तेच विचारतेय मी."

झालं. आता अ‍ॅव्हरेज सुधारल्याशिवाय मी खरा ठरणार नव्हतो. मी हात धुऊन मागे लागलो. प्लग घासले, एअर फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा इतकी ठासली की गाडी बेडकासारखी उडायला लागली. कुणीतरी सांगितलं, उतारावर इंजिन बंद करायचं. पवईच्या उतारावर केलं. गाडी छान घरंगळत खाली आली आणि खाली आल्यावर पुन्हा चालूच होईना. मागून बसवाला जे काही बोलला त्यातलं अर्धं बायकोने ऐकलं नाही असं दाखवलं. साडी सावरून उतरली आणि धक्का मारताना म्हणाली, "वाचलं का पेट्रोल?"

वडिलांना मात्र माझी खरी काळजी. रोज संध्याकाळी मी घरी आलो की एक नवीन निदान तयार. "अरे, टॅपेटचा आवाज येतोय तिच्या इंजिनातून." दुसऱ्या दिवशी, "टॅपेट नाही, कार्ब्युरेटर." म्हटलं, बाबांना बसल्याजागी किती सुचतं!

मेकॅनिकने शेवटी बाटली लावली. म्हणजे टाकीची नळी काढायची, बॉनेटखाली मोजून पेट्रोल भरलेली बाटली टांगायची, आणि ती संपून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. आम्ही भांडुप, कांजूरमार्ग करत पार पुढे गेलो, तरी गाडी बंद पडायचं नाव घेईना.

"साब, गाडी एकदम मस्त है," मेकॅनिक म्हणाला. "आपको प्रॉब्लेम क्या है?"

माझं डोकं चालेनासं झालं. बाटलीवर उत्तम, टाकीवर भिकार. टाकीला कुलूप लावलं, फरक नाही. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एक थेंब नाही. बायकोला बाटलीचं सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे गाडी चांगली आहे." आणि शाळेच्या वह्या तपासायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग एकदा पोट बिघडलं म्हणून मी दुपारीच घरी आलो. बायको अजून शाळेत शिकवत होती. बिल्डिंगच्या मागच्या बाजूने ओळखीचा आवाज येत होता. जाऊन बघतो तर आमची गाडी उभी, इंजिन चालू, आणि आत चार म्हातारे. स्टिअरिंगवर वडील, शेजारी वीज खात्यातून निवृत्त झालेले काका, मागे गिरणीतले मालवणी आजोबा आणि रेल्वे वर्कशॉपचे एक फोरमन. चौघेही डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, गेले सगळे.

"बाबा! हे काय चाललंय?"

"श्श! ऐकतोय आम्ही."

"काय?"

"बिघाड! तूच म्हणालास ना पेट्रोल जास्त खाते? मग शोधायला नको?"

"रोज बसता?"

"दोन-अडीच तासच. तू बॅटरीसाठी पाच मिनिटं चालू करा म्हणाला होतास, तेव्हाच मला आवाज वेगळा वाटला."

"आणि हा चोक बाहेर का ओढलाय? त्याने दुप्पट पेट्रोल जळतं!"

"आवाज मोठा येतो," वीज खातं म्हणालं. "नीट ऐकू येतं."

मागून मालवणी आजोबांनी डोळे न उघडता सांगितलं, "रे, तू परत थोडा पेट्रोल भरून ठेव. मधेच बंद पडली तर निदान अर्धा रवतला."

मी तिथेच पायरीवर बसलो. अ‍ॅव्हरेज कमी म्हणून हे ऐकत बसायचे, हे ऐकत बसायचे म्हणून अ‍ॅव्हरेज कमी. पण मग हे ऐकणं सुरू व्हायच्या आधी, अगदी पहिल्या रविवारी जास्तीचं पेट्रोल कुठे गेलं होतं? त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिला वाटलं, आता मी म्हाताऱ्या बापावर ढकलतोय. शेवटी वडिलांनीच कबुली दिली, तीही अभिमानाने. ती हसली, मग माझ्याकडे बघून आणखी हसली. म्हाताऱ्यांचं मंडळ गाडीतून बिल्डिंगखालच्या बाकावर हललं. एक रविवार सोडून पुढच्या रविवारी टाकीत इतकं कमी पेट्रोल गेलं की पंपवाल्याने नळी झटकून बघितली.

मी विजयी मुद्रेने बायकोकडे वळलो. "बघ! मी खोटं बोलत नव्हतो."

"नाहीच मुळी," ती म्हणाली. "आणि आता इतकं कमी लागतंय, तर आईला आज सांगूनच टाकते. गुरुवारी शाळेला सुट्टी आहे, तेव्हाही येऊ. तुम्ही रजा टाका."

मी गाडी सुरू केली आणि कान देऊन ऐकलं. टॅपेटचा आवाज अगदीच नव्हता असं काही मला वाटलं नाही.