भिंतीवरचा गोदी कामगार

अंगात येणं, उतारे, देवऋषी... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. धुळ्यात साईनबोर्ड रंगवायचो. रंग, ब्रश आणि भिंत, एवढाच माझा व्यवहार.

एकाहत्तरच्या युद्धाचे दिवस. सरकारी प्रचाराचं काम आलं – साक्रीच्या बाजाराजवळच्या भिंतीवर 'जहाजे बांधू, देश राखू' रंगवायचं. नमुन्याच्या छापील पोस्टरवर अर्धवट बांधलेलं जहाज आणि त्यावर ठोकाठोक करणारे कामगार, सगळे पाठमोरे. मी तोवर समुद्रही पाहिला नव्हता. तरी रंगवताना एक कामगार माझ्याकडे वळलेला निघाला. चेहरा आपोआप येत गेला... मीही येऊ दिला.

काम संपत आलं तेव्हा बाजाराला आलेली एक म्हातारी भिंतीपुढे थबकली. डोक्यावरची मोळी तिने खाली टाकली.

"हाऊ मना पोऱ्या शे," ती म्हणाली. "तुले कोठे भेटना, भाऊ?"

"कुठे नाही, माय. मनानेच काढलाय."

"मंग भिवई कशी चिरेल काढी? त्याले बैलनं शिंग लागेल व्हतं."

मी पाहिलं. डाव्या भुवईत बारीक फट होती. मला वाटलं होतं, ब्रश घसरला असेल.

मुलगा मुंबईला गोदीत कामाला गेलेला, बरेच दिवस निरोप नव्हता. त्यानंतर ती दर बाजाराला त्या भिंतीशी बसून भाकरी खायची, असं समोरच्या चहावाल्याने मला नंतर सांगितलं.

युद्ध संपलं. त्याच भिंतीवर कुटुंबनियोजनाची जाहिरात करायला मला पुन्हा पाठवलं. तेव्हा चहावाल्याकडूनच कळलं – मुलाच्या सोबतचे कामगार येऊन गेले. तो जहाजाच्या परांचीवरून पडून वारला होता. मी भिंत रंगवली त्याच्या आधीच, पावसाळ्यात. अग्नी तिकडेच दिला.

पांढऱ्या रंगाचा डबा उघडलाच नाही. बाजार भरल्यावर ती आली.

"माय, एवढा चेहरा राहू देऊ का?" मी विचारलं. साहेबांना चाललं नसतं, तरी विचारलं.

तिने चहावाल्याकडून तांब्याभर पाणी घेतलं, पदर भिजवला आणि तो चेहरा धुतला. कपाळ, डोळे, कानांमागे... लहान पोराला धुवावं तसा.

"आंघोय व्हई गई त्यानी," ती म्हणाली. "आते पुस, भाऊ."

मी रंग फिरवला.

लोक योगायोग म्हणतात. असेलही – पण जो माणूस मी कधी पाहिला नाही, तो माझ्या हातून कसा उतरला, हे मला आजही कळलेलं नाही. त्यानंतर मी फक्त अक्षरं रंगवली. चेहऱ्याचं काम आलं की दुसऱ्या पेंटरकडे पाठवून द्यायचो.