उद्याचीही चव उत्तम

इस्लापूरजवळच्या एका निवासी शाळेत मी इंग्रजी शिकवायचो, शिवाय वसतिगृहाचा अधीक्षक होतो. मूळचा औशाचा. घरी माझं कुत्रंही ऐकत नसे. इथं दोनशे पोरं उठून उभी राहायची, त्यामुळं मान जरा जास्तच ताठ झाली होती.

त्या गुरुवारी सकाळी बारावीला एक इंग्रजी शोकांतिका शिकवत होतो. सेनापती झोपलेल्या भल्या राजाचा खून करतो, रक्त पहारेकऱ्यांना फासतो आणि ते तोंड उघडायच्या आत त्यांनाही कापतो. "चांगला राजा चूक स्वतःच्या अंगावर घेतो, जुलमी राजा ती नोकराच्या अंगाला पुसतो!" मी टेबलावर मूठ आपटली. वाक्य मलाच इतकं आवडलं की दोनदा म्हटलं.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी दारात आल्या. "सर, तेलाचा नवा डबा खवट वास मारून राहिलाय. वरण चाखून बघा की."

नियमच होता तसा. पोरांना वाढण्याआधी अधीक्षकानं जेवण चाखायचं आणि चव रजिस्टरात शेरा लिहून सही करायची. मी नियम फार शिस्तीनं पाळायचो: सोमवारीच शनिवारपर्यंतचं 'चव उत्तम' लिहून मोकळा व्हायचो.

"मावशी, मी इथं राजा मारून राहिलोय आन् तुमचं वरणाचं काय? वाढा!"

पोरं हसली. मावशी हसल्या नाहीत.

दुपारी दहा-बारा पोरं ओकायला लागली. डॉक्टर आले, पाठोपाठ तपासणीचे साहेब आले. त्यांनी डबा हुंगला. "हे तेल कुणी घातलं?"

"म्या घातलं," मावशी म्हणाल्या.

"उद्यापासून यायचं नाही."

मावशी स्वयंपाकघरामागच्याच खोलीत राहायच्या. काम गेलं की छप्परही जाणार. त्यांनी माझ्याकडं फक्त बघितलं. व्हरांड्यात बारावीची पोरं उभी होती, तीही बघत होती. आणि खरं सांगतो, मी गप्प बसलो.

"अधीक्षक, चव रजिस्टर आणा."

आणायला गेलो. पान फाडावं असं मनात आलं, पण रजिस्टर शिवलेलं, पानांवर आकडे. माझ्या सद्गुणापेक्षा तो दोरा पक्का निघाला. परत येऊन रजिस्टर साहेबांच्या हातात दिलं.

"साहेब, मावशींनी सांगितलं होतं. मी चाखलंच नाही."

साहेब वैतागले. "उगा बाईला पाठीशी घालू नका. ही बघा तुमची सही. चव उत्तम!"

आता खरं बोलूनही मावशी जाणार होत्या, माझ्याच अक्षरामुळं.

"साहेब," मी म्हणालो, "पान उलटा. उद्याचीही चव उत्तम आहे."

साहेबांनी पान उलटलं. शुक्रवार उत्तम. शनिवार उत्तम. मग त्यांनी रजिस्टर मिटून काखेत घातलं.

संध्याकाळपर्यंत पोरं सावरली. मावशी राहिल्या. माझं अधीक्षकपद गेलं, वर नोटीसही मिळाली.

दुसऱ्या दिवशी पोरं ताटं घेऊन रांगेत उभी होती. मावशींनी मला हाक मारली आणि पळीभर वरण पुढं केलं. "घ्या सर. पोरं थांबलीत."

"आता मी अधीक्षक नाही, मावशी."

"जीभ हाय ना?"

चाखलं. सगळी रांग बघत होती. भीत भीत म्हणालो, "मीठ कमी हाय."

मावशींनी मिठाचा डबा ओढला. "हाव! आज कळली बघा चव."