म्हातारीचा घास

शिंपीकाकांनी प्राण्यांच्या आश्रयगृहातून दोन गिनीपिग आणले, तेही कुणी नेत नव्हतं असे म्हातारे. "आपलीच हाडं कुरकुरतात, त्यात यांची भर!" काकू म्हणाल्या, पण पिंजरा रोज त्याच झाडायच्या.

परवा त्यातला नर गेला आणि मादीने खाणंच सोडलं. "आज पोटात काही गेलं नाही तर कठीण आहे," डॉक्टरांनी बजावलं. काकांनी सिरिंजने पातळ चारा भरवून पाहिला, तिने तोंडच फिरवलं.

शेवटी काकू देवाला हात जोडून पिंजऱ्याशी फतकल मारून बसल्या. "एकटीच्या घशाखाली घास उतरतो होय?" म्हणत स्वतःच काकडी कचाकचा खाऊ लागल्या. म्हातारी हळूहळू जवळ आली आणि त्यांच्या हातातलाच तुकडा कुरतडू लागली.

काकांनी डोळे पुसले. "मला कधी भरवलंस असं?"

"तुम्ही कधी उपाशी राहिलात?"