बादली घेऊन लोकांच्या घरी

लोकांची घरं साफ करायचं काम धरलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. पंख्यावरच्या धुळीसारखे ते वर जमत राहतात, आणि कुणी "सांग ना गं" म्हणून बटण दाबलं की सगळ्यांच्या अंगावर पडतात.

आम्ही तिघी. मी शोभा, अंबरनाथ ईस्टची. सुनंदाताई उल्हासनगरच्या, आमच्यात मोठ्या, बोलायला कमी. रजनी बदलापूरची, सगळ्यांत लहान, आणि सुनंदाताईंच्या वाटचंही तीच बोलते. तिघी एकाच कंपनीत पॅकिंगला होतो. कंपनी बंद पडली, तेव्हा घरी रडत बसण्यापेक्षा बादल्या उचलल्या. नव्या फ्लॅटचा ताबा, दिवाळीची सफाई, भाडेकरू सोडून गेलेलं घर, जे येईल ते.

लोक विचारतात, "काहीतरी टिप सांगा ना, खरंच चालणारी." चालणाऱ्या टिप्स आहेत की! पण माझ्या डोक्यात प्रत्येक टिपेला एकेक घर चिकटून बसलंय. ते सोडून नुसती टिप मला सांगता येत नाही.

*

पालेगावच्या नव्या टॉवरमध्ये एक तरुण जोडपं. आम्ही हॉलचा पंखा पुसत होतो. जुना उशीचा अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवायचा आणि दाबून ओढायचा, धूळ सगळी अभ्र्यात, खाली कण पडत नाही. बायको कौतुकानं बघत होती. नवऱ्यालाही हुरूप आला. "बाथरूम मी घेतो," म्हणून तो आत गेला.

थोड्या वेळानं खोकला ऐकू आला. साधा नव्हे, घुसमटल्यासारखा. रजनीनं ओढणी नाकावर दाबली, दार ढकललं आणि त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. डोळे लालभडक, छाती भात्यासारखी. त्यानं टॉयलेटचं अॅसिड ओतलं होतं आणि त्यावर ब्लीच. खिडकी बंद!

आम्ही पटापटा खिडक्या उघडल्या, सगळ्यांना घराबाहेर काढलं आणि रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. बायको रस्ताभर त्याचा हात सोडेना. डॉक्टर म्हणाले, "बंद खोलीत अजून थोडा वेळ राहिला असता तर अवघड होतं. पण दोन्ही एकत्र टाकलंच कशाला?"

त्याला बोलता येईना. बायको रडत रडत म्हणाली, "मी सांगत होते, एकच काहीतरी वापर. तर म्हणे, डबल इफेक्ट!"

डॉक्टर त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवत म्हणाले, "झाला."

*

उल्हासनगरला एका सिंधी कुटुंबाचं घर होतं. खाली कापडाचं दुकान, वर राहायचं. शेगडीच्या लोखंडी जाळ्यांवर तेलाचा थर बसून बसून डांबर झालेलं. रजनी तारेच्या घासणीनं जीव खाऊन घासत होती. घरातल्या अम्मा, वय झालेलं, पलंगावरून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"बेटी, रगडो मत. भिगो दो."

टबात कडकडीत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, त्यात जाळ्या. आणि मग तिकडे बघायचंच नाही. खरं सांगते, बाकीचं स्वयंपाकघर होईपर्यंत तो थर सायीसारखा सुटून आला. तेव्हापासून आमचं घासणं निम्मं झालं.

तेवढ्यात अम्मांची सून चहा घेऊन आली. आमच्या हातात कप दिले. अम्मांचा कप मात्र स्टुलावर ठेवला, त्यांच्याकडे न बघता, आणि निघून गेली. रजनीला गप्प बसवतं का! "अम्मा, भाभी नाराज है क्या?"

अम्मा चहा फुंकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मेरी गलती थी. मुंह से निकल गया कुछ. माफी मांगी, तो और रोने लगी." एक घोट घेतला. "अब रगडूंगी नहीं. भिगोके रखा है."

*

सामान कमी करायचं असेल तर "हे टाकू का?" असं विचारू नये. "हे कुणाला देऊ?" असं विचारावं. हात लगेच सुटतो. अंबरनाथच्या एका रिटायर्ड साहेबांकडे मात्र हेही चाललं नाही. मिक्सर, इस्त्री, टीव्ही, सगळ्यांचे रिकामे खोके माळ्यावर. "वॉरंटीला लागतात," म्हणून एकाला हात लावू देईनात. ज्या वस्तूंचे खोके, त्यातल्या निम्म्या वस्तू भंगारात जाऊनही जमाना झाला होता.

त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "राहू द्या हो. ह्यांचीही वॉरंटी संपलीय. खोका सापडत नाही म्हणून ठेवलंय!"

साहेब हसले. आणि हसता हसता पहिला खोका त्यांनी स्वतःच खाली काढला.

*

बदलापूरला नदीचं पाणी आत शिरलं, त्या वेळची गोष्ट. पाणी ओसरल्यावर आम्ही मालतीबाईंकडे गेलो. त्या रिटायर्ड नर्स, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. लोकांनी त्यांना वरच्या मजल्यावर नेलं म्हणून वाचल्या. घरात पाय ठेवला तर चिखल घोट्याच्या वर. फ्रिज आडवा पडलेला, गादी फुगून भिंतीला टेकलेली.

पुराच्या चिखलाचं एक आहे, तो वाळायच्या आत काढायचा. वाळला की सिमेंट. पाणी मारत मारत आतल्या खोलीकडून दाराकडे लोटत आणायचा, मग स्वच्छ पाणी, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी. लाइट आधी मेनमधून बंद, आणि भिजलेला फ्रिज माणूस येऊन बघेपर्यंत लावायचा नाही. चिखल वाळेल म्हणून आम्हाला घाई होती. सुनंदाताईंनी फावडं उचललं आणि बेडरूमकडे निघाल्या.

"आधी ओटा," मालतीबाई म्हणाल्या.

रजनी म्हणाली, "अहो बाई, आत बघा काय झालंय! ओट्याचं काय घेऊन बसलात?"

"आधी ओटा," त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण वॉर्डात ऐकवतात तसा होता.

मग आम्ही ओटा धुतला. दोनदा. त्यांनी वरच्या शेजाऱ्यांकडून शेगडी, पातेलं, पिण्याचं पाणी आणवलं. आणि चिखलात उभ्या राहून चहा टाकला. वास बाहेर गेला तशी बिल्डिंगमधली माणसं एकेक करून येऊ लागली. कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या हातात काहीच नाही. समोरच्या घरातला एक माणूस सकाळपासून जिन्यात नुसता बसून होता, कुणाशी बोलत नव्हता. मालतीबाईंनी त्याला कप दिला. त्यानं तो संपवला, विसळून जागेवर ठेवला, आणि विचारलं, "फावडं आहे का एक्स्ट्रा?"

*

वांगणीला एक बाई लहान मुलीला घेऊन राहायची. नवी बिल्डिंग, स्वस्तातला फ्लॅट. बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी. बाईनं ती दोनदा पुसून वर रंग मारून घेतला होता, दोन्ही वेळा ती रंग फोडून वर आली. मुलीची छाती रात्रंदिवस वाजायची.

बुरशी कोरड्या ब्रशनं झाडू नये, उडते आणि नाकात जाते. ब्लीचच्या पाण्याचं फडकं, तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं, मागून वारा खेळला पाहिजे. हे सगळं आम्ही जाणून होतो. पण सुनंदाताईंनी भिंतीला तळवा लावला आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"हे पुसायचं काम नाही. पाणी वरून येतंय."

"वरचे ऐकत नाहीत हो," बाई म्हणाली. "कितीदा जाऊन आले. एकटी बाई बघून दार लावतात तोंडावर."

"आज एकट्या नाही," सुनंदाताई म्हणाल्या.

तिघी आणि ती, मुलगी कडेवर, अशा वर गेलो. दार एका गृहस्थानं उघडलं. सगळं ऐकून घेतलं आणि बाथरूमकडे हात करून म्हणाला, "या ना, बघून घ्या! आमच्याकडे तर एकदम कोरडं आहे!"

सुनंदाताई म्हणाल्या, "असणारच दादा. सगळं खाली गेलंय."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात पोरीला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. आतून त्याची म्हातारी आई बाहेर आली, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुलाकडे बघितलं. त्याच आठवड्यात प्लंबर आला.

*

सुनंदाताईंवर एकदा आळ आला होता. हा किस्सा त्या सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

बदलापूरच्याच एका सोसायटीत काम झालं, आम्ही हात धुतले, आणि घरातल्या मॅडमना कानातला एक टॉप सापडेना. सोन्याचा, आईनं दिलेला. आम्हीच त्यांच्यासोबत घर पालथं घातलं. नाही मिळाला. बेडरूम सुनंदाताईंनी केली होती. मॅडम थेट काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाहेरची माणसं घरात घेतली की असंच व्हायचं."

सुनंदाताईंनी आपली पिशवी सोफ्यावर उलटी केली. डबा, चष्म्याचं घर, रुमाल. सगळं परत भरलं आणि निघाल्या. रिक्षात रजनी शिव्या देत होती, मी रडत होते. त्या बाहेर बघत होत्या. त्या सोसायटीतून आम्हाला परत फोन आला नाही.

बऱ्याच दिवसांनी, पाऊस सरता सरता, सुनंदाताईंच्या घरी दारात त्याच मॅडम. मी तेव्हा तिथेच होते. मॅडमचा चेहरा पडलेला. बेसिन तुंबलं म्हणून प्लंबरनं खालचा पाइप उघडला, तर गाळात टॉप! तोंड धुताना पडला असणार. "मी फोनवर सांगू शकत होते," त्या म्हणाल्या, "पण ते बरोबर नव्हतं."

सुनंदाताईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबल्या.

मग म्हणाल्या, "बेसिनला जाळी बसवून घ्या, ताई. पुन्हा कुणावर येऊ नये."

*

अंबरनाथला एका गृहस्थांचं घर. पन्नाशीचे, ऑफिसला जाणारे. पत्नी वारून काही वर्षं झालेली. आता दुसरं लग्न ठरलं होतं, साध्या रजिस्टर पद्धतीनं. त्यांनी आम्हाला चावी दिली आणि जिन्यातूनच म्हणाले, "सगळं काढा. जुनं काही दिसायला नको. तिला वाईट वाटायला नको." आत आमच्याबरोबर आलेसुद्धा नाहीत.

आम्ही घर काढलं. पडदे उतरवले, डबे धुतले, गादीला ऊन दाखवलं. दुपारनंतर त्या बाई स्वतः आल्या, ज्यांचं लग्न ठरलं होतं त्या. एका शाळेत क्लार्क होत्या, तिथूनच थेट आलेल्या. "बघायला आले फक्त. तुमचं चालू द्या," म्हणाल्या, आणि उन्हातून आलेल्या म्हणून तोंड धुवायला बाथरूमकडे गेल्या.

तिथे रजनी आरशापाशी उभी. आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग. मरून रंगाच्या, गोल, त्यात एखादी लहान काळी. पहिल्या पत्नीनं तोंड धुताना काढून लावून ठेवलेल्या. काहींचा रंग उडालेला. रजनीच्या हातात खोबरेल तेलाची वाटी होती.

रजनी गोंधळली. "काढतच होते, ताई. शेवटचं एवढंच राहिलंय."

"कशानं निघतात?"

"तेल लावून जरा वेळ ठेवायचं. डिंक सुटतो. काचेला ओरखडा नाही, डाग नाही. काही होतं हेसुद्धा कळत नाही."

बाईंनी तिच्या हातातून वाटी घेतली. मला वाटलं, स्वतःच्या हातानं काढणार. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मग वाटी खिडकीत ठेवली.

"आरसा पुसा," म्हणाल्या. "पण टिकल्यांच्या कडेनं."

त्यांनी पदर खोचला, नळ सोडला. कपाळावरची टिकली नखानं काढली, रांगेच्या शेवटी लावली, आणि तोंडावर पाणी मारलं.