सीटवरचं प्लास्टिक

जर्मनीत राहत असताना नवी गाडी थेट कारखान्यातून घ्यायला मी, बायको आणि मुलगा असे तिघं गेलो होतो. ताबा देणारा म्हातारा प्रत्येक गिऱ्हाइकाची चावी आधी रुमालानं पुसायचा, मगच हातात ठेवायचा. तो सीटवरचं प्लास्टिक काढायला लागला तसा मी ओरडलो, "राहू द्या ते! सीट खराब होतील."

त्यानं हात आवरला. "माझ्या बायकोनं सोफा वीस वर्षं चादरीखाली जपला," तो म्हणाला. "सोफा अजून नवाकोरा आहे. बायको नाही."

गाडी माझी आणि अक्कल याची! त्याच प्लास्टिकवर घामेजत आम्ही इटलीपर्यंत गेलो. मुलाला मी चॉकलेटसुद्धा खाऊ दिलं नाही.

पुढच्या वर्षी बायको मुलाला घेऊन बॉनला वेगळी राहायला गेली.

मागच्या सीटवरचं, मुलाच्या जागेचं प्लास्टिक परवा काढलं. खाली एकही डाग नव्हता.